बँक हॉलिडेवाला बँकर : सर जॉन लबक

मुदतीहुंडी (धागाकर्ता)

बँकांच्या सुट्ट्यांवरून इथे मध्यंतरी जी हाणामारी झाली, तिच्यात मी जॉन लबकचं नाव घेतलं होतं. हा कोण, असं दोघातिघांनी विचारलं. एका प्रतिसादात मावणारा माणूस नाही, म्हणून वेगळा धागा.

जन्म ३० एप्रिल १८३४. घराणं लंडनच्या खाजगी पेढीचं. वडील बँकर, शिवाय गणित आणि खगोलशास्त्रातलं मोठं नाव. केंट परगण्यात डाउन गावाजवळ हाय एल्म्स ही त्यांची इस्टेट. १८४२ साली वडील एकदा घरी येऊन म्हणाले, मोठी बातमी आहे. आठ वर्षांच्या जॉनला वाटलं, आता आपल्याला तट्टू मिळणार. बातमी निघाली ती चार्ल्स डार्विन गावात राहायला येतोय अशी. पोरगं हिरमुसलं. पण तट्टू मिळून जे झालं नसतं ते या शेजाराने झालं. वडिलांच्या मागे लागून त्याला मायक्रोस्कोप घेऊन द्यायला लावला तो डार्विननेच, आणि पुढची चाळीस वर्षं लबक त्या घरचाच होऊन राहिला.

शाळा ईटनची, तीही अर्धवट. पेढीतले भागीदार आजारी पडले, माणूस कमी पडायला लागला, म्हणून १८४९ साली पंधराव्या वर्षी पोराला शाळेतून काढून लोंबार्ड स्ट्रीटवर बसवला. कॉलेजचं तोंड त्याने पाहिलं नाही. (हाच माणूस पुढे सलग वीस वर्षं लंडन विद्यापीठाचा खासदार होता. त्या मतदारसंघात मतदार म्हणजे फक्त तिथले पदवीधर. आपल्याकडच्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाचा थोरला भाऊ म्हणा.)

लबकचं राजकारण समजायचं तर आधी त्याची बँकिंगमधली एक करामत बघायला हवी. लंडनच्या बँकांचे कारकून क्लिअरिंग हाउसमध्ये रोज जमायचे, एकमेकांवरचे चेक अदलाबदल करायचे आणि शेवटी उरलेला फरक तेवढा चुकता करायचे. पण ही सोय लंडनच्या बँकांपुरती. बाहेरगावच्या बँकेवरचा चेक आला की तो टपालाने त्या गावी पाठवा, तिकडून पैसे येण्याची वाट बघा, प्रत्येक चेकचा पत्रव्यवहार वेगळा. गावोगावचे बँकर कंटाळून स्वतःचंच क्लिअरिंग काढायच्या बेतात होते. १८५८ साली लबकने तोडगा काढला: बाहेरगावच्या प्रत्येक बँकेचा लंडनमध्ये एक प्रतिनिधी बँकर असतोच, तेव्हा हे चेकही त्याच्यामार्फत त्याच हाउसमधून जाऊ द्या. वय वर्षं चोवीस. भाषण नाही, चळवळ नाही. कारकुनाच्या टेबलावरचा एक ढीग कमी केला आणि देशभर पैसा जरा सुरळीत फिरायला लागला. १८६० साली पेढीचं विलीनीकरण होऊन ती रॉबार्ट्स, लबक अँड कंपनी झाली. १८७९ साली इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स निघाली तेव्हा पहिला अध्यक्ष हाच.

राजकारणात सुरुवात मात्र आपटी खाऊन झाली. वेस्ट केंटमधून लिबरल म्हणून १८६५ ला पडला, १८६८ ला पुन्हा पडला. १८७० ला मेडस्टोनच्या पोटनिवडणुकीत निवडून आला आणि वर्षभरात बँक हॉलिडेचा तो प्रसिद्ध कायदा करून मोकळा झाला.

आता सुट्टीची भानगड. बँक ऑफ इंग्लंड एकेकाळी संतांचे दिवस धरून वर्षाला तेहतीसच्या आसपास सुट्ट्या पाळायची. १८३४ साली त्या चारावर आणल्या. गुड फ्रायडे, १ मे, १ नोव्हेंबर, नाताळ, बस्स. बाकी बँकांनी मनात आणलं तरी त्यांना दार बंद ठेवता येत नव्हतं, आणि खरी मेख इथे आहे. मुदती हुंडी म्हणजे अमुक तारखेला पैसे देण्याचा लेखी वायदा, तिची मुदत ज्या दिवशी भरते त्या दिवशी पैसे द्यावेच लागतात. बँकेच्या दारात आलेली हुंडी वटली नाही, तर बँक बुडाली अशी बोंब व्हायला तेवढं पुरतं. म्हणजे एखाद्या सोमवारी सगळ्यांनी ठरवून कुलूप लावलं, तरी त्या सोमवारी मुदत भरणाऱ्या हुंड्यांचं काय करायचं? कारकुनाला सुट्टी द्यायला मालकाची ना नसेलही. पण हुंडी ऐकत नाही.

रविवार, नाताळ आणि गुड फ्रायडे यांच्यासाठी जुना नियम होता: मुदत त्या दिवशी भरत असेल तर पैसे आदल्या दिवशी द्या. लबकने नवीन दिवसांसाठी नियम उलटा केला. पैसे दुसऱ्या दिवशी. म्हणजे धनकोचं फार तर एका दिवसाचं व्याज अडलं, आणि ऋणकोला आदल्या दिवशी धावाधाव नको. हे दिवस जुन्या सुट्ट्यांपासून कायद्यात वेगळे ओळखू यायला हवेत म्हणून त्यांना वेगळं नाव हवं होतं, ते ‘बँक हॉलिडे’. ‘राष्ट्रीय सुट्टी’ वगैरे काही म्हटलं असतं तर हुंडी आदल्या दिवशीची की दुसऱ्या, यावरून वकिलांची चंगळ झाली असती. शिवाय दुसरा फायदा: बँका आणि हुंड्यांचं रटाळ विधेयक म्हटल्यावर विरोध करायला कोणी जागं राहिलं नाही.

पण त्यातच एक कलम बसवलेलं होतं. या दिवशी कुणावरही असं देणं देण्याची किंवा असं काम करण्याची सक्ती नाही, जी नाताळ किंवा गुड फ्रायडेला करता येत नाही. ‘कुणावरही’ म्हणजे कुणावरही, फक्त बँकवाल्यांवर नव्हे. आणि बँक बंद म्हटल्यावर बाकीचे व्यापारी उघडं ठेवून तरी काय करणार?

इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडला चार दिवस मिळाले: ईस्टर सोमवार, व्हिट सोमवार (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा), ऑगस्टचा पहिला सोमवार आणि २६ डिसेंबर. स्कॉटलंडची यादी वेगळी. २५ मे १८७१ ला राणीची संमती मिळाली आणि चारच दिवसांनी, २९ मे च्या व्हिट सोमवारी, पहिली सुट्टी लागू. ७ ऑगस्टला तर लंडनच्या स्टेशनांवर समुद्रकिनारी जाणाऱ्यांची झुंबड उडाली. बाकीच्या तीन दिवसांना काहीतरी धार्मिक आधार होता. ऑगस्टच्या सोमवारला ना संत ना सण, निव्वळ सुट्टी. लोकांनी मग संतही पैदा केला आणि त्या दिवसाला ‘सेंट लबक्स डे’ म्हणायला लागले. जिवंत बँकरला संतपद मिळाल्याचं दुसरं उदाहरण कुणाला माहीत असेल तर सांगा.

माझं म्हणणं एवढंच की हा माणूस बँकर ‘असूनही’ चांगला कायदा करून गेला असं लोक लिहितात, ते मला पटत नाही. बँकर होता म्हणूनच तो कायदा झाला. सुट्टीच्या आड मालक येत नाही, मुदतीची तारीख येते, हे कळायला हुंड्यांच्या गठ्ठ्यासमोर बसलेला माणूसच लागतो.

मुंग्या, अश्मयुग वगैरे मुद्दाम टाळलं आहे. चर्चा निघालीच तर लिहितो.

चहाटळ

लेख झकास. कुत्र्याला वाचायला शिकवणारा लबक तो हाच का? की तो दुसरा?

मुदतीहुंडी

हाच. व्हॅन नावाचा पूडल होता. जाड कागदाच्या तुकड्यांवर ‘अन्न’, ‘पाणी’, ‘बाहेर’ असे शब्द लिहिलेले. जे हवं ते कार्ड व्हॅनने तोंडात धरून आणायचं, की ते मिळणार.

मला स्वतःला मुंग्या जास्त आवडतात. काचेच्या दोन तावदानांमध्ये पातळ थर मातीचा, त्यात वारूळ, आणि एकेका मुंगीच्या पाठीवर रंगाचा ठिपका, म्हणजे कोण कुठे गेली त्याची नोंद ठेवता येते. खातेवहीच ती. एका प्रयोगात त्याने काही मुंग्यांना दारू पाजून झिंगवलं. प्रश्न असा की शुद्ध हरपलेली मुंगी आपली आहे हे इतरांना कसं कळतं? घरच्या मुंग्यांनी आपल्या झिंगलेल्या बायांना बहुतेक वेळा उचलून वारुळात नेलं, आणि परक्या वारुळातल्यांना नेऊन भोवतीच्या पाण्यात टाकलं. म्हणजे ठरलेल्या खुणेने, परवलीने ओळख पटवत असतील ही शक्यता बाद, कारण बेशुद्धीत खूण कोण करणार? आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश मुंग्यांना जाणवतो हेही त्यानेच दाखवलं. त्या प्रकाशापासून त्या आपले कोश उचलून हलवतात. त्याच्याकडची एक राणी मुंगी जवळजवळ पंधरा वर्षं जगली.

एक गांधीलमाशीही पाळली होती, पिरेनीज पर्वतात पकडलेली. १८७२ साली ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या सभेत नेऊन दाखवली. हातावर साखर खायची.

निवृत्त_शाखाधिकारी

उत्तम माहिती. हुंडीचा मुद्दा तुम्ही पकडलात याचं बरं वाटलं, कारण आपल्याकडेही बँकेची सुट्टी आजतागायत त्याच खुंटीला टांगलेली आहे. परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, म्हणजे हुंड्या-चेकांचा कायदा), कलम २५. राज्य शासन राजपत्रात सार्वजनिक सुट्ट्यांची यादी काढतं ती या कलमाखाली. आम्ही नोकरीत असताना पहिला प्रश्न हाच असायचा, ‘एनआय अ‍ॅक्टखाली आहे का?’ नसेल तर कितीही मोठा सण असो, काउंटर चालू. दुसरा आणि चौथा शनिवार १ सप्टेंबर २०१५ पासून बंद झाला, तोही याच कलमाखाली अधिसूचना काढून.

मात्र एक गंमत बघा. आपल्या कलम २५ मध्ये मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर हुंडी ‘आदल्या’ कामाच्या दिवशी देय होते. म्हणजे लबकसाहेबांनी दहा वर्षं आधी विलायतेत जे उलटं केलं, ते आपल्याकडे आलंच नाही, जुनाच नियम राहिला. मुदतीवर तीन दिवसांची सवलत म्हणजे ग्रेस देणारं कलम २२ पण अजून जागेवर आहे. त्यामुळे परीक्षेला हमखास येणारं गणित: तीन महिन्यांची हुंडी, ग्रेस धरून मुदत १५ ऑगस्टला भरते, पैसे कधी? उत्तर १४ ऑगस्ट, आणि १४ ला रविवार असेल तर १३. प्रमोशनच्या परीक्षेत निम्मे लोक इथेच १६ लिहून यायचे.

चहाटळ

काका, १३ ला दुसरा शनिवार असेल तर?

निवृत्त_शाखाधिकारी

तर १२. आणि १२ ला काही निघालं तर तुम्हीच या शाखेत, आपण बसून बघू.

शंकासुर

लेखनशैलीबद्दल दाद, पण एवढं आरतीचं ताट फिरवण्याआधी दोन प्रश्न.

एक, सुट्टी मिळाली कुणाला? बँकेच्या आणि ऑफिसच्या कारकुनांना. त्याच लंडनमध्ये दुकानांतली पोरं-पोरी सकाळपासून रात्री उशिरापर्यंत उभ्या असायच्या. सोमवारी कारकून समुद्रावर गेला की चहाच्या टपरीवर, स्टेशनवर, खाणावळीत कुणीतरी राबणारच ना?

दोन, अश्मयुगाबद्दल तुम्ही सोयीस्कर गप्प बसलात. पुराश्म आणि नवाश्म (जुनं आणि नवं अश्मयुग) ही विभागणी त्याने १८६५ च्या ‘प्रीहिस्टॉरिक टाइम्स’ या पुस्तकात केली, मान्य, आजही शाळेत तीच शिकवतात. पण त्याच पुस्तकात त्याने त्याच्या काळातल्या आदिवासींचा पुरावा म्हणून वापर केलाय. हे ‘रानटी’ लोक म्हणजे आपले प्रागैतिहासिक पूर्वज जसे होते तसेच्या तसे, आणि शिडीच्या वरच्या टोकाला कोण, तर इंग्रज. साम्राज्याला याहून सोयीचं विज्ञान कुठलं?

मुदतीहुंडी

दुसरा मुद्दा पूर्ण मान्य. त्याच्या लिखाणातला तोच भाग आज वाचवत नाही. त्या काळी सगळेच तसं म्हणायचे ही सबब मी देणार नाही. पुरावा तपासण्यात जो माणूस मुंगीच्या बाबतीत एवढा काटेकोर, त्याने माणसांच्या बाबतीत प्रवाशांची ऐकीव वर्णनं उचलून शिडी बांधली, हे जास्तच खटकतं.

पहिल्यावर मात्र थोडं भांडतो. दुकानांच्या वेळांसाठी तो अनेक वर्षं विधेयकं आणत राहिला आणि मार खात राहिला. १८८६ साली जे पदरात पडलं ते असं: अठरा वर्षांखालच्या मुलांना दुकानात आठवड्याला ७४ तासांहून जास्त राबवायचं नाही. चौऱ्याहत्तर! जेवणाची सुट्टी धरून, पण तरीही सहा दिवसांत रोजचे बारा तासांच्या वर. याला सुधारणा म्हणायचं, यावरून आधी काय असेल ते बघा. १९०४ ला आणखी एक कायदा झाला: दोन तृतीयांश दुकानदार कबूल असतील तर स्थानिक संस्थेने बंद करण्याची वेळ ठरवावी. म्हणजे मूठभर अडेलतट्टूंमुळे बाकीच्यांना रात्री उघडं ठेवावं लागायचं, तो तिढा सुटावा. हुंडीच्या बाबतीत जी युक्ती एका वर्षात जमली ती दुकानांच्या बाबतीत जमली नाही, कारण इथे आड खरोखरच मालक होता. माझ्या मूळ मुद्द्याला तुम्ही हवं तर इथे पाचर मारू शकता.

मिलगाव

कामगारांचा विषय निघालाच आहे तर, मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मिळवून दिली, तीही सभा आणि अर्ज-विनंत्या करून. तिथे कुठला दयाळू बँकर नव्हता. एवढंच नोंदवतो.

मुदतीहुंडी

नोंद योग्य. लोखंड्यांवर धागा काढाच, इथे दोन ओळींत उरकण्याचा विषय नाही तो.

वाटाड्या

किल्ल्यावर गेलं की ‘हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित’ असा पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड दिसतो ना, त्या वंशावळीतही लबक येतो, म्हणून लिहितोय.

विल्टशरमध्ये एव्हबरी नावाचं गाव आहे. स्टोनहेंजपेक्षा घेराने कितीतरी मोठं पाषाणवर्तुळ, आणि गाव त्या वर्तुळाच्या आतच वसलेलं. लोक शतकानुशतकं त्या शिळा फोडून घरं बांधत आले. १८७१ च्या सुमारास तिथे घरांसाठी प्लॉट पडले, विक्री सुरू झाली. लबकने सरळ ती जमीन विकत घेऊन टाकली. पण देशातला प्रत्येक टेकाड-दगड बँकर विकत घेणार का? म्हणून १८७३ साली त्याने प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचं विधेयक मांडलं. पडलं. पुन्हा मांडलं, पुन्हा पडलं. आक्षेप एकच, खाजगी मालमत्तेत सरकारचं नाक नको. १८८२ ला एकदाचं झालं, पण दात उपटून टाकलेलं: यादीत ६८ स्मारकं, आणि मालक स्वखुशीने देईल तरच सरकारच्या ताब्यात. पहिला निरीक्षक जनरल पिट रिव्हर्स. दोन वर्षांनी त्याचीच मुलगी अ‍ॅलिस लबकची दुसरी बायको झाली.

आपल्याकडे कर्झनच्या काळात १९०४ ला प्राचीन स्मारक जतनाचा कायदा आला तेव्हा विलायतेतला हा अनुभव समोर होताच. १९०० साली लबकला उमरावपद मिळालं तेव्हा त्याने नाव घेतलं ते लॉर्ड एव्हबरी. लोक गावावरून नाव घेतात ते वाडवडिलांच्या जहागिरीचं. याने वाचवलेल्या दगडांचं घेतलं.

केंटवासी

हाय एल्म्स आमच्यापासून फार लांब नाही. घर १९६७ च्या आगीत गेलं, आता तिथे पब्लिक पार्क आहे, रविवारी कुत्री आणि बाबागाड्या. डार्विनचं घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर.

अवांतर: तो मूळ ऑगस्टचा पहिला सोमवार इंग्लंडमध्ये आता राहिलेला नाही. १९६५ पासून प्रयोग म्हणून आणि १९७१ च्या कायद्याने कायमची ती सुट्टी महिन्याच्या शेवटच्या सोमवारी गेली. स्कॉटलंडने मात्र पहिलाच सोमवार धरून ठेवलाय. त्या शेवटच्या सोमवारी पाऊस नसेल तर शकुन समजतात.

पोथीनिष्ठ

डार्विनचा विषय निघालाय तर एक किस्सा. डार्विनची बायको एमा ही त्याची मामेबहीण. मुलं आजारी पडायची, काही दगावली, तेव्हा ‘हे नात्यातल्या लग्नामुळे तर नाही ना’ ही धास्ती त्याला कायम. १८७० मध्ये त्याने नव्या खासदार शेजाऱ्याला गळ घातली की १८७१ च्या जनगणनेत आतेमामे-चुलत लग्नांचा प्रश्न घाला. लबकने संसदेत सूचना मांडली. सभागृहाने फेटाळली, असले खाजगी प्रश्न कसले विचारता म्हणून. आपल्याकडे मामाच्या मुलीवर पहिला हक्क सांगणारे आजही सापडतील, तेव्हा तो आकडा हाती आला असता तर बरंच झालं असतं.

१८८२ साली डार्विन गेला तेव्हा घरच्यांना त्याला गावातच पुरायचं होतं. त्याऐवजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे चर्चमध्ये पुरावं म्हणून खासदारांच्या सह्यांचं पत्र तिथल्या डीनला (मुख्य धर्मगुरूला) पाठवण्यात लबक पुढे होता. शवपेटी नेणाऱ्यांतही होता.

शंकासुर

चांगली भर. शेवटचा प्रश्न: लिबरल म्हणवणारा हा गृहस्थ १८८६ ला आयर्लंडच्या होमरूलवरून पक्षाचा नेता ग्लॅडस्टनला सोडून गेला ना? मग उदारमतवाद कुठे गेला?

मुदतीहुंडी

गेला, होमरूलला विरोध करून फुटलेल्या लिबरल युनियनिस्टांबरोबर, आणि परत आला नाही. मेडस्टोनने १८८० ला पाडल्यावर विद्यापीठाच्या मतदारसंघाने उचललं होतं. तिथे पक्षाची फार फिकीर नव्हती, त्यामुळे त्याला ते परवडलं. १८९० ते ९२ लंडन काउंटी कौन्सिलचा अध्यक्षही झाला, रोझबरीनंतर.

पण आयर्लंडचंच निघालं म्हणून: १८८४ साली प्रमाणशीर प्रतिनिधित्वासाठी जी संस्था निघाली, तिच्या मुळाशी लबक आहे. लेनर्ड कोर्टनीने तर याच प्रश्नावर मंत्रिपद सोडलं. पसंतीक्रमाने मतं, कोटा, उरलेली मतं पुढच्या पसंतीकडे, ही ती पद्धत. ब्रिटिश संसदेने तेव्हा तिला भीक घातली नाही. आयर्लंडने मात्र स्वतंत्र झाल्यावर हीच उचलली. आपल्याकडे राज्यसभेची निवडणूक या पद्धतीने होते आणि विधान परिषदेच्या मतमोजणीत रात्री दोनला ‘दुसऱ्या पसंतीची मतं मोजायला सुरुवात’ अशी बातमी येते ती यातूनच. ती पद्धत लबकने शोधली नाही, थॉमस हेअरचं नाव त्यात आधी येतं. पण फरक खाली ढकलत शेवटी हिशेब जुळवायचा, हे क्लिअरिंगवाल्या माणसाला भावलं नसतं तरच नवल.

चहाटळ

आणि पेढीचं काय झालं शेवटी?

मुदतीहुंडी

लबक गेला २८ मे १९१३ ला. पुढच्याच वर्षी रॉबार्ट्स, लबक अँड कंपनी कूट्स बँकेने घेतली.